फाट्यावर मी थांबले नव्हते

"ताई, त्या दिवशी मी तुझं ऐकलं असतं तर एवढं सगळं घडलंच नसतं," फ्लुरिन म्हणाला, आणि माझ्या हातातला चीजचा तुकडा हातातच राहिला.

आम्ही दोघं तळ्याकाठी बसलो होतो. बस सोडली की अडीच तासांची चढण. धडधाकट माणसाला फारशी अवघड नाही. फ्लुरिनला चार तास लागले. दोन वर्षांपूर्वी याच वाटेवर पाय मोडल्यापासून माझा हा धाकटा भाऊ लंगडतो. त्यानंतर आज पहिल्यांदाच तो वर आला होता.

त्या दिवशी तो दर दहा पावलांवर थांबून फुलांचे फोटो काढत होता. मी कावले होते. "तू हो पुढे, पण फाट्यावर थांब माझ्यासाठी," तो म्हणाला. मी हो म्हटलं आणि थांबले नाही. वर येऊन पाण्यात पाय सोडून निवांत बसले. तेवढ्यात धुकं उतरलं. फ्लुरिन भलत्याच वाटेला लागला आणि सुट्या दगडांच्या उतारावरून घसरला. तीन तासांनी एका मेंढपाळाला सापडला. सापडला तेव्हा "ताई, ताई" अशा हाका मारत होता म्हणे.

डोक्याला मार लागल्यामुळे त्याला यातलं काही आठवत नव्हतं. इस्पितळात आईने विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "फाट्यावर थांब म्हणून बजावलं होतं मी त्याला. पण ऐकेल तर ना!"

फ्लुरिन शाळेत शिक्षक. दर जूनमध्ये मुलांना डोंगरावर घेऊन जायचा. "स्वतःला सांभाळता येत नाही, तो पोरांना काय सांभाळणार?" असं पालक बोलू लागले आणि ते काम त्याच्याकडून गेलं. तेव्हाही मी गप्पच होते.

आणि आता तो माझीच माफी मागत होता.

"थांब म्हणून तू मला सांगितलं होतंस," मी म्हणाले. "मीच थांबले नाही. आईला खोटं सांगितलं."

तो हसला. "चेष्टा करतेस?"

"नाही."

पलीकडच्या काठावरच्या बर्फाकडे बघत तो म्हणाला, "दोन वर्षं आई मला चारचौघांत बिनडोक म्हणतेय. तू शेजारी बसून ऐकतेस."

"हो."

"हो काय, मेन्गिया?"

जन्मात पहिल्यांदाच त्याने मला नावाने हाक मारली.

उतरताना मी हात पुढे केला. "नको," तो म्हणाला. "तू मागून ये." दोनदा तो अडखळला. दोन्ही वेळा मी जागच्या जागी उभी राहिले.

त्याच संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. "जिवानिशी गेला असता म्हणजे?" एवढंच ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी ऐकून घेतलं. यंदाची सहल दुसऱ्या शिक्षकाबरोबर ठरली होती. पुढच्या वर्षाचं पालकांशी बोलून बघू म्हणाल्या. मी फ्लुरिनला फोन करून कळवलं. "बरं," म्हणून त्याने फोन ठेवला.

सप्टेंबरात तो एकटाच तळ्यावर गेला. मला बस चालवणाऱ्याकडून कळलं. दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. शेवटच्या बसमधून तो माझ्या घरासमोरच्या थांब्यावर उतरला, थकलेला, पण धड. खिडकीत मी उभी आहे हे त्याने पाहिलं. हात मात्र हलवला नाही.