दोन दोऱ्यांची एकच टाचणी

मी एक टाचणी बोलतेय. डोकं पांढरं, अंगकाठी नाजूक, बोलणं जरा टोचरं. राग मानू नका. चाकाच्या खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्यात, ऑफिसातल्या फळ्यावर माझा मुक्काम असतो.

कारखाना काकूंचा. 'प्रत्येक वस्तूला दोन पुरवठादार' हा त्यांचा नियम. एक रुसला तरी दुसरा आहेच, असं त्या मान ताठ करून सांगायच्या. त्यांची पुतणी जाळ्यांचं शास्त्र शिकून आली. कोण कोणाला जोडलंय आणि एक निखळला तर पडझड कुठवर जाते, हे शोधायचं शास्त्र. तिनं फळ्यावर टाचण्या टोचून दोरे ताणले. टायरवाल्याची लाल टाचणी मधोमध मिरवत होती. काय तो तोरा! मी अजून डबीतच.

मग पुतणीनं प्रत्येक पुरवठादाराला फोन करून विचारलं, तुम्ही माल कुठून घेता? ब्रेकच्या स्प्रिंगा देणाऱ्या दोघांनी आढेवेढे घेत एकच पत्ता सांगितला, एका म्हाताऱ्या कारागिराचा. त्याच्या नावानं मला फळ्यावर टोचलं, दोन्ही दोरे मला बांधले. मग तिनं मला उपटून दाखवलं. दोन्ही दोरे लोंबायला लागले.

"काकू, तुमच्या दोन्ही वाटा एकाच दारात जातात."

काकूंचा चहा हातातच राहिला. दवाखान्याला दोनशे खुर्च्या द्यायच्या होत्या, आणि ब्रेक नसलेली खुर्ची उतारावर काय करते हे सांगायला शास्त्र लागत नाही.

दोघी तडक त्या कारागीर आजोबांकडे गेल्या. परतल्यावर काकूंनी फळ्यासमोर बसून सगळं सांगितलं. आजोबांचं डोळ्यांचं ऑपरेशन दोन वर्षं रखडलं होतं. काम थांबवलं तर दोन्ही गिऱ्हाइकं अडतील, म्हणून ते बोटांनी चाचपून स्प्रिंगा वळत होते.

काकूंनी आपल्या फिटरबाईंना आजोबांच्या हाताखाली शिकायला पाठवलं. तीन महिन्यांत बाई कारखान्यातच स्प्रिंगा वळायला लागल्या आणि माझ्या शेजारी त्यांची नवी टाचणी आली. खोटं कशाला बोलू, जळले मी. कानामागून आली आणि तिखट झाली!

काल आजोबा फळा बघायला आले. नाक टेकवून त्यांनी मला चाचपलं, मग शेजारणीला.

"म्हणजे आता मी आजारी पडलो तरी चालेल," ते म्हणाले.

सगळे हसले. काकू मात्र खिडकीकडे वळल्या. माझी जळजळ तिथल्या तिथे विझली.

आज आजोबांचं ऑपरेशन आहे. तुमच्याही फळ्यावर कुठेतरी अशी एक टाचणी असेल. तिला ताण देण्याआधी एकदा विचारा, बाई गं, बरी आहेस ना?