'नको' नावाचं गाठोडं

मी गाठोडं बोलतोय. कापडाचं नव्हे हं! मी संशोधन केंद्राच्या सर्व्हरवरचं, शेकडो फायली दाबून, आवळून बांधलेलं गाठोडं. इथे लिनक्स नावाच्या संगणक-प्रणालीचं राज्य. सगळे एकाच छपराखाली नांदतात, पण शेजाऱ्याच्या फायलीला हात लावायचा तर परवानगी हवी.

मला बांधलं भूगर्भशास्त्राच्या सरांनी. एका शाळेमागच्या टेकडीच्या उतारावर त्यांनी लोखंडी खुंट्या ठोकल्या होत्या. दर महिन्याला धापा टाकत चढायचे, खुंट्यांमधलं अंतर मोजायचे आणि आकडे सर्व्हरवर चढवायचे. निवृत्त होताना त्यांनी सगळे आकडे एकत्र बांधले आणि माझं बारसं केलं. टायपिंगचा त्यांना भारी कंटाळा. नाव ठेवलं, 'नको'.

पुढे सरांचं खातं बंद झालं आणि माझ्या मालकाच्या नावाच्या जागी नुसता एक नंबर उरला. कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहीना. माणसांचं मला नवलच वाटतं. जमवताना जिवाचं रान करतात आणि जमलं की विसरून जातात.

जागा संपत आली तशी सर्व्हर सांभाळणाऱ्या काकांनी साफसफाई काढली. मला पाहून ते हसलेच. मालकाचा पत्ता नाही आणि नावच 'नको'! उद्या पुसून टाकू म्हणाले.

तेवढ्यात सरांच्या जागी आलेली ताई धावत आली. तिने त्याच खुंट्या नव्याने मोजल्या होत्या आणि तिला टेकडी सरकल्याचा संशय होता. पण जुने आकडे नसतील तर सरकली म्हणायचं कशाच्या जोरावर? शाळेची समिती म्हणत होती, इतकी वर्षं हलली नाही, ती आताच कशाला हलेल? पावसाआधी मुलांना दुसरीकडे न्यायचं की नाही, हे दुसऱ्याच दिवशी ठरणार होतं.

सगळे फोल्डर पालथे घातल्यावर तिने सरांना फोन लावला.

"अगं, 'नको'मध्ये आहे ना सगळं."

"ते नको असलेलं नाही का, सर?"

"छे गं! 'नको' म्हणजे पुसू नको. एवढं सगळं कोण टाइप करणार?"

काकांनी कपाळावर हात मारला. मला तर आनंदाने आभाळ ठेंगणं झालं! पण ताई घाईघाईत मला तिच्याच फोल्डरमध्ये सोडायला निघाली आणि मी गारठलो. तिने फायलींना नावं सरांसारखीच दिली होती. मी तिथे उलगडलो असतो, तर माझ्या जुन्या फायली तिच्या नव्या फायलींवर बसून त्यांचं होत्याचं नव्हतं झालं असतं. काकांच्या ते वेळीच लक्षात आलं. त्यांनी मला रिकाम्या जागेत सोडायला लावलं.

गाठ सुटली आणि काय सांगू! फायलींमागून फायली धडाधड बाहेर! एकही खराब झालेली नाही! जुने आकडे नव्यांशेजारी बसले आणि पडद्यावरच्या आलेखाची रेघ वर चढतच गेली. खुंट्या दरवर्षी एकमेकींपासून जास्तच लांब जात होत्या. ताईला रडू आलं. सर बिचारे फोनवर विचारत राहिले, काय झालं, काय झालं.

समितीने रेघ पाहिली आणि पाऊस सुरू व्हायच्या आत शाळा दुसऱ्या इमारतीत हलवली.

आता माझ्या दोन प्रती आहेत, दोन वेगळ्या ठिकाणी. कुणीही मला वाचू शकतं, पुसू मात्र शकत नाही. तुमच्याकडेही असं एखादं गाठोडं धूळ खात पडलं असेल, तर पुसण्याआधी बांधणाऱ्याला एकदा विचारा, एवढंच माझं मागणं.

काल ताईने पुन्हा सरांना फोन केला.

"सर, टेकडी खाली आली. सगळे वर्ग मातीने भरलेत."

"आणि मुलं?"

"मुलं नव्हती, सर. एकसुद्धा नव्हतं."