अठरा वर्षं खाली बसलेली खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, केस कापायच्या दुकानातली, आणि मित्रांनो, गोड बोलून सुरुवात करायची माझी रीत नाही. माझी तक्रार आहे. ज्या माणसाच्या हाती माझं तेलपाणी होतं, त्याने अठरा वर्षं मला नुसतं फडक्याने पुसलं. पुसल्याने खुर्ची चकाकते, गिऱ्हाईक खूश होतं. पण माझ्या पोटात काय चाललंय हे त्याने एकदाही वाकून बघितलं नाही. मग जे व्हायचं ते झालं. माझं झालं ते झालंच, त्याचंही झालं. तेच सांगते. ऐकताना तेवढी पाठ सरळ ठेवून बसा.

माझा पाय बिडाचा आहे. वाळूच्या साच्यात तापलेलं बीड ओतून तो केला. त्यावर पांढरा मुलामा, वर लाल चामड्याची बैठक, मागे सरकणारी पाठ आणि डोकं टेकायला उशी. हे सगळं दिसतं. दिसत नाही ते माझ्या पोटात आहे. तिथे एक नळकांडं आहे, नळकांड्यात तेल आणि तेलावर दट्ट्या. उजवीकडे पायाने दाबायचा दांडा. सहा वेळा दाबला की मी गिऱ्हाइकासकट वीतभर वर. तोच दांडा वर ओढला की उसासा टाकत खाली.

मला आणलं ते थोरल्यांनी. थोरले म्हणजे दुकानाचे पहिले मालक. बसलेल्या माणसाचे कान आपल्या छातीशी येईपर्यंत ते मला वर घ्यायचे आणि मगच कात्री उचलायचे. कुणी घाई केली तर म्हणायचे, "साहेब असा नाहीतर रखवालदार असा, या खुर्चीत प्रत्येकाने वर यायचं. मी खाली येणार नाही." दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, दुकान उघडायच्या आधी, ते जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरायचे, गुडघे टेकायचे, माझ्या पायाशी असलेलं बूच काढायचे आणि थेंब थेंब तेल सोडायचे. मग बोट घालून बघायचे. शहात्तराव्या वर्षी हा माणूस ओळंब्यासारखा ताठ चालत होता. लोक म्हणायचे, काय सुरेख खुर्ची आहे हो, पाळण्यासारखी! मला गर्व झाला होता. आजही आहे. लपवत नाही.

मी शाळेत गेले नाही. समोर आरसा, त्यात रस्ता उलटा, पाट्या उलट्या. जे शिकले ते उलटं शिकले, पण पक्कं शिकले.

थोरल्यांनंतर त्यांचा मुलगा उभा राहिला. त्याला सगळे धाकटे म्हणायचे. आज एक्कावन्न वर्षांचा आहे, केस पांढरे झालेत, तरी धाकटेच. हात बापापेक्षा सरस, खोटं कशाला बोलू? आणि तोंड तर विचारूच नका. गिऱ्हाईक हसता हसता दाढी करून बाहेर पडायचं. पण पहिली तारीख यायची आणि जायची. वर्तमानपत्र तो वाचायला घ्यायचा, पसरायला नाही.

पोटात दट्ट्याभोवती असलेलं चामडं वाळत गेलं. एका सकाळी माझ्याखाली तेलाचं थारोळं दिसलं. धाकट्याने डब्याचं झाकण आणून खाली सरकवलं. झाकण भरत गेलं, मी खचत गेले, आणि एक दिवस पोटात बारीकसं काही कडकलं आणि अगदी तळाला जाऊन बसले ती बसलेच.

तेव्हा एक बसड्रायव्हर दर आठवड्याला दाढीला यायचे. थोरल्यांच्या वेळचं गिऱ्हाईक. ते म्हणाले, "धाकटे, खुर्ची बसली हो तुमची."

"बसू दे की. गिऱ्हाईक माझ्या हाताकडे बघून येतं, खुर्चीकडे बघून नाही."

"तरी, दाखवा एकदा कुणाला."

"दाखवायची म्हणजे अर्धा दिवस दुकान बंद. उद्या बघू."

तो उद्या अठरा वर्षांनी आला.

मित्रांनो, आता मी वर येत नाही म्हटल्यावर त्याला खाली यावं लागलं. दिवसाला पंचवीस डोकी. प्रत्येक डोक्यामागे डाव्या कानाशी वाक, उजव्या कानाशी वाक, मानेशी वाक, हनुवटीशी तर वाकून वर वळ. "एवढंसं तर वाकायचं," म्हणायचा. एवढंसंच होतं ते. एवढंसं, दिवसभर, अठरा वर्षं.

मग तो उभ्या उभ्या माझ्या पाठीवर हात टेकायला लागला. मग कोपर. मग कमरेला पट्टा आला, कंगव्यांच्या शेजारी दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं आली. डाव्या पायाला मुंग्या यायच्या तेव्हा तो पाय जमिनीवर आपटायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, "ताल धरतोय."

एका सकाळी ड्रायव्हर माझ्यात मान मागे टाकून बसले होते. गालावर साबण, धाकट्याच्या हातात वस्तरा. तो कानाशी वाकला आणि त्याचा डावा पाय असा दुमडला की जणू कुणी आतून काढून घेतला. वस्तरा कानाच्या पाळीवरून गेला. ड्रायव्हरांनी ओरडायच्या आधी त्याचं मनगट पकडलं. मग दुसऱ्या हाताने त्याला काखेत धरलं. साबणावरून रक्त त्यांच्या कॉलरवर उतरत होतं.

"काही नाही, पाय झोपला जरा," धाकटा म्हणाला.

"पाय असा झोपत नसतो, धाकटे. वस्तरा खाली ठेवा."

त्यानंतर दुकान बंद झालं.

तीन आठवड्यांनी शटर वर केलं ते आमच्या सूनबाईने, म्हणजे धाकट्याच्या बायकोने. धूळ झटकली आणि माझ्यात बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हातात मोठं पाकीट होतं. तेवढ्यात ड्रायव्हर उघडं शटर बघून आत आले. कानावर व्रण होता. सूनबाईने पाकिटातला काळा फोटो काढून आरशावरच्या दिव्याशी धरला.

"हे बघा. ऑपरेशन करून दोन मणके एकमेकांना जोडलेत. चार स्क्रू, दोन सळया."

"बाप रे. म्हणजे आता पक्कं झालं म्हणायचं."

"तिथेच सगळे चुकतात, भाऊजी. डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं. लोखंडाने पाठ उभी राहत नाही. मधे हाड भरलंय, ते सांधलं पाहिजे. तोवर लोखंड नुसतं धरून ठेवतं. तीन महिने वाकायचं नाही, वळायचं नाही, उचलायचं नाही. साधा मोजा मी घालते पायात. चिडतात, पण मी ऐकत नाही."

मी तो फोटो आरशात उलटा बघितला. माणसाच्या आत खिळे! आणि मला वाटलं, बाई बरोबर बोलतेय. लोखंडाचं मला विचारा. मी सगळी लोखंडाची, तरी चार थेंब तेलावाचून बसलेय.

तिने मला नीट पुसलं, माझ्यावर चादर टाकली आणि गेली.

पुढचं मला धाकट्याच्याच तोंडून कळलं. ड्रायव्हर त्याला बघायला घरी गेले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि याचा चेहरा उतरला.

"हे कुणी कापलं?"

"अहो, वाढले होते. तिकडे चौकात..."

"कानामागे पायरी ठेवलीय, वरचे केस लांब आणि खालचे एकदम आखूड. दिसतेय लांबून. त्याला सांगायचं होतं की पायरी काढ म्हणून."

तेवढंच बोलला. पण त्या दिवसापासून तो खिडकीत उभा राहून रस्त्यावरची डोकी बघायला लागला. हे आपलं डोकं, ते आपलं डोकं, आणि प्रत्येकाच्या कानामागे दुसऱ्याची पायरी. पाठीच्या दुखण्यापेक्षा ते त्याला जास्त लागलं.

डॉक्टरांनी सकाळी तासभर चालायला सांगितलं होतं. सातव्या आठवड्यात तो चालायला म्हणून निघाला आणि माझ्यापाशी आला. माझ्यावरची चादर ओढली. दोन पावलांत घामाघूम. थोड्या वेळाने ड्रायव्हर डोकावले.

"धाकटे! तीन महिने म्हणाल्या होत्या ना वहिनी?"

"बसा. ती पायरी काढतो आधी. आणि घरी काही बोलायचं नाही."

"अहो, पण पाठ..."

"आत लोखंड घातलंय, ड्रायव्हरसाहेब. आता तुमच्या बसखाली आलो तरी वाकणार नाही."

ड्रायव्हर हसले. हसायला नको होतं. मग त्यांनीच माझा दांडा पायाने दाबून बघितला. दहा वेळा दाबला. मी जागची हलले नाही. काय करणार? जीव होता, तेल नव्हतं. मित्रांनो, त्या दिवशी मला जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नव्हती. शेवटी त्यांनी लहान मुलांना बसवायची फळी माझ्या हातांवर आडवी टाकली आणि एकसष्ट वर्षांचा तो दांडगा माणूस पाय लोंबकळत वर बसला.

"माझा फुगा कुठेय?" म्हणाले. दोघं हसले.

नऊ दिवस हे चाललं. रोज तासभर, रोज तीन-चार डोकी. प्रत्येक जण शपथ घेऊन जायचा की घरी बोलणार नाही. सगळ्यांनी शपथ पाळली. एकानेही मोडली नाही, हेच वाईट.

दहाव्या दिवशी कंगवा पडला. गिऱ्हाईक उचलायला वाकणार, तेवढ्यात धाकटा म्हणाला, "राहू द्या," आणि सवयीने, काही विचार न करता, कमरेतून वाकून वळला.

आवाज बारीक होता. काडी मोडल्यासारखा. गिऱ्हाइकाला ऐकू गेला नाही, मला गेला. अठरा वर्षांपूर्वी माझ्या पोटात अगदी तसाच झाला होता. धाकटा माझा हात धरून उभा राहिला. बोटं पांढरी पडली होती. उजव्या हातातली कात्री त्याने सवयीने खिशात ठेवली. मग हळूच म्हणाला, "हिला बोलवा."

दोन स्क्रू ढिले झाले होते, एक सळई तुटली होती, आणि हाड सांधायला लागलं होतं ते पुन्हा सुटलं होतं. आधीचं काढून नवं घातलं. दोनाचे चार मणके जोडले. डावं पाऊल मात्र परत आलं नाही. ते पुढून खाली लोंबतं. बुटात प्लॅस्टिकचा आधार घातला तरच उचलतं.

सूनबाई रडली असेल तर घरी रडली असेल. दुकानात आली तेव्हा तिच्याबरोबर पंप दुरुस्त करणारा होता. त्याने मला आडवं केलं, पोट उघडलं, तासाभरात बंद केलं. दांडा दाबला. मी वर आले. अठरा वर्षांनी आरशाचा वरचा काठ मला दिसला.

"एवढंच?" सूनबाईने विचारलं.

"एवढंच, वहिनी. चामड्याचं वॉशर वाळून गेलं होतं. महिन्याला थोडं तेल पडलं असतं तर मला बोलवायची वेळच आली नसती."

ते वाळकं वॉशर तिने मागून घेतलं. मग घरी जाऊन तिने ते खाटेवर पडलेल्या नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं. हे तोच सांगतो.

आठ महिन्यांनी तो परत कामाला लागला. या वेळी डॉक्टरांना विचारून. सकाळी दोन तास. उंच स्टुलावर टेकून काम करायचं, छातीच्या खाली हात न्यायचा नाही. डाव्या पायावर तोलून उभं राहता येत नाही, म्हणून उजव्याने माझा दांडाही दाबता येत नाही. तो सूनबाई दाबते. ड्रायव्हर पहिले आले. मी त्यांना वर घेतलं, बरोबर छातीशी. तीन डोकी झाली. चौथ्याला पाठ भरून आली, तेव्हा त्याने कात्री खाली ठेवली आणि गिऱ्हाइकाची माफी मागितली. पंचवीसातली बाकीची डोकी चौकात जातात. कानामागे पायरी घेऊन हिंडतात. तो बघतो आणि मान फिरवतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू तुमच्या घरी असतील. चालतात म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही. तुमच्या पाठीलाही एक कणा आहे, आणि तोही चालतो म्हणूनच तुम्ही त्याला विसरलाय. कुरकुरायला लागेल तेव्हा ऐका. गप्प बसेल तेव्हा तर नक्कीच ऐका.

काल पहिली तारीख होती. धाकटा सगळ्यांच्या आधी आला. काठी भिंतीला टेकवली. हातात वर्तमानपत्र आणि तेलाचा डबा. वर्तमानपत्र त्याने उभ्यानेच खाली सोडलं, ते वाकडंतिकडं पडलं. मग माझ्या पायाशी वाकायला गेला. गुडघे थोडे दुमडले, पण डावं पाऊल धरेना. कंबर तर दुमडेचना. ती आता दुमडणार नाही, कधीच. पुन्हा एकदा बघितलं त्याने. माझं बूच त्याच्या बोटांपासून हातभर लांब होतं. तो डबा घेऊन तसाच उभा राहिला. आरशात मला त्याचे डोळे दिसत होते. दारात सूनबाई येऊन थांबली होती.

त्याने माझ्या हातावर भार टाकला, तशी मी कुरकुरले. आणि एवढी वर्षं गिळलेलं त्याला मोठ्याने सांगून टाकलं:

"धाकट्या, तू आळशी नव्हतास, ते मी कुणाला म्हणू देणार नाही. अख्ख्या गावाच्या कानाशी वाकलास. त्यातलं महिन्याला एक वाकणं माझ्या पायाशी हवं होतं, तेवढं तुला जड गेलं. आता वाकायचं मनात आहे आणि पाठ देत नाही. दे तो डबा तिच्या हातात. आणि सरळ उभा राहा, बापासारखा. आता तुला दुसरं काही जमणारही नाही."