दिवसा न लागलेला दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. घरातला नव्हे, दोन माणसांच्या छोट्या विमानाचा. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला, काचेआड माझी जागा होती. ग्वाल्हेरबाहेरच्या एका धावपट्टीवर मुलं विमान चालवायला शिकतात. तिथेच माझं आयुष्य गेलं.

लोकांना वाटतं, मी फक्त अंधारात जमीन दाखवतो. ते खरंच आहे. पण दिवसाही, विमान उडताना आणि उतरताना, मी दुसऱ्या वैमानिकाला सांगतो, इकडे बघ, इथे कुणीतरी आहे. किल्ल्याकडच्या घारीसुद्धा मला पाहून लवकर बाजूला होतात. दाट धुक्यात मात्र माझा उजेड उलटा डोळ्यांवर येतो, आणि जमिनीवर समोर माणसं असली तर मला विझवायला हवं. एवढं सोडलं, तर धावपट्टीच्या आसपास मला लावलेलंच बरं.

सुरुवातीला लावतही असत. मग शेजारच्या विमानाचा बल्ब गेला आणि नवा काही लवकर येईना. तेव्हापासून शिकवणाऱ्या समरजीत सरांनी मला रात्रीसाठी राखून ठेवलं. सर वाईट नव्हते हो. काटकसरीची सवय, दुसरं काय!

माधवगंजची गरिमा शिकायला आली, तेव्हा मला बरं वाटलं. उड्डाणापूर्वी ती माझी काच स्वतः पुसायची. थंडीतल्या एका धुरकट दुपारी पुसता पुसता तिने विचारलं, "सर, आज दिवा लावू का?"

"दिन में दिया?" सर हसले. "अगं बाई, विमान चालवायला आलीस की आरती करायला?"

सगळे हसले. तीही हसली. पण काचेवरचा तिचा हात थांबलेला मला कळला. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही.

पुढे तशीच एक दुपार आली. गरिमा एकटीच विमान उतरवत होती. समोरच्या बाजूने दुसरं विमान त्याच पट्टीसाठी वळलं. रेडिओवर दोघं एकाच वेळी बोलली, म्हणून कुणालाच कुणाचं ऐकू गेलं नाही. बटण तिच्या हाताशी होतं. मी विझलेला होतो, म्हणून त्या वैमानिकालाही आम्ही दिसलो नाही. ते विमान तिला दिसलं तेव्हा फार जवळ आलं होतं. तिने झटकन वळवलं, आणि आम्ही मोहरीच्या शेतात आदळलो.

दुसरं विमान सुखरूप उतरलं. गरिमाही वाचली, पण तिच्या पाठीच्या कण्याला मार बसला. ती आता उभी राहू शकत नाही. डॉक्टर आशा दाखवत नाहीत.

मोडकं विमान शेडमध्ये आणलं, तेव्हा तिची आई, सीमंतिनीबाई, आल्या. माझ्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, "हा आधीच बिघडलेला होता ना?"

तुकोजी मिस्त्रींनी माझी तार बॅटरीला जोडली. मी लख्ख पेटलो.

"चालू आहे, ताई."

दारात उभे असलेले समरजीत सर खाली बघत राहिले.

"बंद करा," बाई म्हणाल्या. मग हात जोडून म्हणाल्या, "बंद कर दो, भैया."

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी विमान चालवेल. बाहेर ऊन असेल, सोबतचे हसतील. हसू द्या, माझ्यासारख्या दिव्याचं बटण दाबा. त्याने गरिमा पुन्हा चालू लागणार नाही, ते मला ठाऊक आहे. तरी दाबा.