गाणारा खांब म्हणू नका

मित्रांनो, आधी हातातली किल्ली खिशात ठेवा, मग बोलू. नाणं असेल तर तेही ठेवा. या पुरातन मंदिराच्या सभामंडपात गाभाऱ्याकडे तोंड करून उभे राहिलात की डाव्या हाताचा पहिला खांब मी. लोक मला ‘गाणारा खांब’ म्हणतात आणि तिथंच माझं डोकं फिरतं. मी गात नाही. मी छप्पर धरतो.

मला एका पाथरवटाने घडवलं. तो छिन्नी चालवायचा आणि त्याची बायको वाळू-पाणी घेऊन मला घासत बसायची. दोघांचं दिवसभर भांडण चाले, पण कामात चूक नाही. माझं अंग घडून झालं तेव्हा त्याने बोटाने मला हलकेच टिचकी मारली. मी खणखणीत वाजलो.

“अगं बाई, हा तर बोलतो!” ती म्हणाली.

“बोलतो म्हणजे आतून धड आहे. तडा असता तर मुका राहिला असता,” तो म्हणाला. मग गड्यांनी दोराने ओढून मला उभं केलं, डोक्यावर तुळई ठेवली आणि ते दोघे पुढच्या दगडाकडे वळले. त्यानंतर त्याने मला पुन्हा कधी वाजवलं नाही. शहाणा माणूस! एकदा खात्री झाली, विषय संपला.

पुढे कैक पिढ्या मी सुखात काढल्या. पहाटे देवासमोर दिवा लागायचा. दुपारी वाटसरू माझ्या सावलीला आडवे व्हायचे. सासरी निघालेल्या मुली मला पाठ टेकून रडून घ्यायच्या आणि डोळे पुसून उठायच्या. मला कुणी विचारत नव्हतं, पण त्याचं मला काही वाटत नव्हतं. खांबाला विचारायचं ते पडल्यावरच.

मग नदीने पात्र बदललं आणि वस्ती तिच्या मागे गेली. मंडपात शेळ्या आल्या, वटवाघळं आली. एक कुटुंब तर संसारच थाटून राहिलं. त्यांच्या चुलीच्या धुराने मी काळा ठिक्कर पडलो. नंतर कुणा भाविकाला माझी दया आली आणि त्याने मला चुना फासला. त्यानंतर सरकारी माणसं आली. “अरेरे, चुना कुणी फासला?” म्हणत त्यांनी तो तारेच्या ब्रशने खरवडला. चुन्याबरोबर माझ्या अंगावरची निम्मी वेलबुट्टीही गेली. प्रत्येक जण माझ्या भल्यासाठीच आला होता, बरं का!

आता मंदिराला कुंपण आहे, तिकीट आहे. खिडकीत तिकिटं फाडायला एक आत्या बसते. ती ज्याची आत्या, तो गाईड. सगळे त्याला पोपट म्हणतात, कारण रोज तेच बोलतो, त्याच सुरात. लहानपणीच आई-बाप गेलेल्या या भाच्याला आत्याने वाढवलं, या कामाला लावलं. पोरगा मनाने वाईट नाही. पण तोंड! “मंडळी, राजाने राणीसाठी एका रात्रीत हा खांब बनवून घेतला!” असं तो छाती फुगवून सांगतो. एका रात्रीत? त्या पाथरवटाच्या बायकोच्या तळहातांची सालं निघाली मला घासता घासता! राजा मी एकदाच पाहिला. उन्हाने वैतागला होता. आला आणि गेला.

एवढ्यावर थांबेल तर तो पोपट कसला? तो खाली पडलेला गोटा उचलायचा आणि हाणायचा माझ्या कमरेत. ठण्ण! लोक टाळ्या वाजवायचे. मग प्रत्येकाला हौस. कुणी किल्लीने, कुणी नाण्याने, कुणी हातातल्या कड्याने. एक आजोबा काठीने मारायचे आणि नातीला म्हणायचे, “ऐकलंस? दगडसुद्धा गातो.” अहो आजोबा, तुमच्या पाठीत कुणी काठी घातली तर तुम्हीही गाल!

आत्या खिडकीतून ओरडायची, “अरे मेल्या, किती बडवतोस त्याला?”

“आत्या, हेच बघायला येतात लोक. नुसता उभा खांब कोण बघणार?”

एके दिवशी एक बाई कडेवर बाळ घेऊन माझ्याजवळ उभी होती. पोपटाने गोटा हाणला. या खेपेला ठण्ण आवाज आला नाही. थप्प! लोक हसले. पोपट चिडला आणि त्याने दुसरा टोला जोरात घातला. माझ्या खांद्याचा टवका उडून थेट बाळाच्या डोक्याशेजारून खाली आपटला. बाई किंचाळली. बाळाला खरचटलंसुद्धा नाही, पण मी आतून हललो होतो आणि वरची तुळई किंचित खचली होती. मी जीव एकवटून तिला धरून ठेवलं. टोले खायचे मी आणि सांभाळायचंही मीच!

मंडप बंद झाला. इंजिनिअर मॅडम आल्या, त्यांनी तुळईखाली लोखंडी टेकू लावले. पोपटाचं काम थांबलं. एका दुपारी तो आत आला आणि माझ्यावरच डाफरला, “माझ्या पोटावर पाय दिलास!”

मी दिला? मी?

बोलता बोलता त्याचा हात माझ्या कमरेवरच्या खळग्यात गेला. त्याची मूठ त्यात अख्खी बसली. त्याने तो पुन्हा चाचपून पाहिला. मग तो टेकूपाशी काम करणाऱ्या मॅडमकडे वळला.

“मॅडम, हे मी केलं?” त्याने विचारलं.

“एकट्याने नाही. पण पहिला दगड कोण मारून दाखवत होतं?” टेकूचा नट आवळत मॅडम म्हणाल्या.

मंडप पुन्हा उघडला. पोपटही कामावर आला. त्याचं नवं भाषण काही जमत नव्हतं. अडखळत होता, लोक जांभया देत होते. तेवढ्यात एका गृहस्थाने मागून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि माझ्यावर उगारला. पोपटाने झटकन स्वतःचा हात मध्ये घातला. जुडगा त्याच्या बोटांवर बसला.

“आई गं!”

गृहस्थ ओशाळले. “अहो, मला फक्त आवाज ऐकायचा होता.”

“ऐकलात ना आत्ता?” बोटं चोळत पोपट म्हणाला. “त्याचाही असाच असतो.”

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझा टोला कुणी स्वतःच्या हातावर घेतला नव्हता. तरी मी अजून वैतागलेलाच आहे, कारण रोज मध्ये घालायला पोपटाकडे दोनच हात आहेत. तेव्हा या, मान वर करून तुळई बघा, उन्हातून आलात तर सावलीत बसा. पण मला वाजवू नका. मी तुमच्या डोक्यावरचं छप्पर धरून उभा आहे. तेवढं करू द्या.