रंभाच्या गाण्यावर मांडव नाचला तेव्हा

मित्रांनो, ही अंगभर गेलेली भेग आणि ही तुटकी बटणं पाहून घाबरू नका. मी एक जुना बेंजो. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर पोलादी तारा आणि तारा दाबायला टाइपरायटरसारखी बटणं, असं माझं रूप. वडशाच्या बाजारातून वारलूभाऊंनी मला आणलं. भीमजयंतीला ते मला वाजवत, तेव्हा लोक त्यांच्या बोटांकडे बघत राहत. ते वारले आणि मी फळीवर धूळ खात पडलो. पुढे त्यांच्या मुलानं, अश्विननं, मला पुसून नव्या तारा लावल्या.

अश्विन वाजवायचा, त्याची बहीण रिना गायची. दुसऱ्यांची आवडलेली गाणी ते आपल्या पद्धतीनं म्हणत आणि मोबाईलवरून सगळ्यांसाठी टाकत. त्यातलं एक गाणं श्रीहरीभाऊंचं होतं. श्रीहरीभाऊ पलीकडच्या गावचे, झाडीपट्टीच्या नाटकांसाठी गाणी लिहिणारे. त्यांची बायको रंभा मोहफुलं वेचत असताना वाघानं तिची मान धरली. मुलगा धनराज सोबत होता. तो ओरडत राहिला, दगड मारत राहिला. वाघ तिला झुडपांतून फरफटत घेऊन गेला. जे मिळालं ते एका लुगड्यात मावलं. त्या दुःखात भाऊंनी लिहिलं, ‘चूल वाट पाहे, ये गं घरी’. नाटकात ते अगदी संथ म्हटलं जाई.

अश्विननं ते तिथंच ऐकलं. रंभाची हकीकत त्याला ठाऊक नव्हती. त्यानं चाल पळवली, ढोल घातला आणि खाली लिहिलं, ‘पारंपरिक लोकगीत’. विचारलं कोणालाच नाही. गाणं गावोगाव पोचलं आणि आम्हाला लग्नांची बोलावणी येऊ लागली.

अशाच एका मांडवात, भर दुपारी, पोरं त्या गाण्यावर शिट्ट्या मारत नाचत होती. पाहुण्यांत धनराज होता. त्यानं मांडवाचा बांबू उपटला. पहिला घाव स्पीकरवर बसला, दुसरा माझ्यावर. माझं लाकूड फाटलं, तारा तुटून उसळल्या आणि एकीनं अश्विनचा गाल चिरला.

“माह्या मायले वाघानं फाडलं, अन् तुमी तिच्या मरणावर लोकं नाचवून राह्यले? कोणाले विचारलं बे?”

“मोबाईलवर तं सगळेच टाकतेत, भाऊ...” अश्विन म्हणाला.

तिसरा घाव अश्विनच्या डाव्या हातावर पडला. तो हात माझ्या बटणांवरच होता. हाड मोडल्याचा आवाज मी अगदी जवळून ऐकला.

रिनानं माईकचा लोखंडी दांडा उचलला आणि धनराजच्या डोक्यात घातला. तो माझ्यावरच कोसळला. त्याचं रक्त माझ्या भेगेतून आत झिरपलं. मग धनराजकडचे आणि आमच्याकडचे लोक एकमेकांवर तुटून पडले. वरणाची गंजं उलटली, खुर्च्या डोक्यांवर आपटल्या, नवरी टेबलाखाली किंचाळत होती.

पोलीस आले तेव्हा मांडव जमिनीवर होता. फौजदार बाईंनी रिनाला सुनावलं, “गाणं लिहिणाऱ्याचं असते. हौसेनं टाका का कशानं टाका, त्याची परवानगी लागते.” आणि धनराजकडे वळून म्हणाल्या, “तक्रार द्यायची होती. बांबू कायले उचलला?”

प्लास्टर निघालं, पण अश्विनची दोन बोटं कायमची ताठ राहिली. त्यानं गाणं मोबाईलवरून काढून टाकलं, मला खिळे मारून, नव्या तारा ओढून कसंबसं जोडलं, आणि दोघं श्रीहरीभाऊंकडे गेले. धनराज ओट्यावर बसला होता, डोक्यावर टाक्यांचा व्रण.

रिना म्हणाली, “भाऊ, चुकलो आमी. आता तुमच्या नावानं, जसं होतं तसं गाऊन टाकू का? तुमी हो म्हणाल तंच.”

“नाई,” श्रीहरीभाऊ म्हणाले. मग मुलाकडे पाहून म्हणाले, “अन् तू माणूस मारायले निघाला होता. तुही माय परत येत होती का त्यानं?”

 मग अश्विनकडे वळून ते म्हणाले, “मोबाईल बंद ठेवा. एकदा वाजवा. हळू.”

अश्विननं उरलेल्या बोटांनी मला वाजवलं. मी बेसूर होतो. रिना गायली. धनराजनं गुडघ्यांत तोंड घातलं, त्याचे खांदे हलत होते. गाणं संपल्यावर श्रीहरीभाऊ म्हणाले, “आता हे गाणं इथीच राहू द्या.” दोघांनी हात जोडले आणि मला उचलून घरी आणलं.

मित्रांनो, आम्हा वाद्यांना पुसा, तारा बदला, जरूर जपा. पण गाणं उचलण्याआधी ते कोणाचं आहे ते शोधा आणि त्याच्या दारात जाऊन विचारा. तो नाही म्हणाला, तर या दोघा भावंडांसारखे हात जोडून, गाणं तिथंच ठेवून, घरी या.