उजव्या हाताचं घड्याळ

दबोरावहिनींनी दिलेल्या घड्याळाला काय झालंय, हे गिदोन घड्याळजीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण सांगायला जीभ रेटत नव्हती. त्यांचा रोज शिरूरहून फोन यायचा आणि रोज तो म्हणायचा, "अजून तपासतोय वहिनी, घाई करू नका." दौंडच्या स्टेशन रोडवर दुकान चालवण्यात केस पांढरे झाले, पण थाप मारताना अजूनही त्याचे कान लाल व्हायचे. फोनवर कान दिसत नाहीत, एवढंच बरं.

घड्याळ एबनेझरचं होतं. एबनेझर म्हणजे वहिनींचा नवरा आणि गिदोनचा जिवाभावाचा दोस्त. शिरूरच्या मिशन शाळेत शिपाई होता, घंटा द्यायचा. गेल्या वर्षी तो गेला. मुलगा नोएल रांजणगावला कंपनीत. त्याने बापाचं घड्याळ मोठ्या हौसेने हातात घातलं, ते रोज मागे पडायला लागलं, शिफ्टला उशीर होऊन साहेबाची बोलणी बसली, तेव्हा काढून ठेवलं. "गिदोनकाकांनी पास केल्याची चिठ्ठी आण, मग घालतो," असं आईला म्हणाला. नाताळच्या आत ते पोराच्या हातात दिसावं, एवढीच वहिनींची इच्छा होती.

ती चिठ्ठी म्हणजे गिदोनची जुनी मिजास. घड्याळ एक दिवस उताणं ठेवायचं, एक दिवस पालथं, मग कडेची चावी वर करून, मग चावी खाली करून. सगळीकडे वेळ बरोबर दाखवली तरच शिक्का. एके काळी रेल्वेची माणसं त्या शिक्क्यासाठी ताटकळत बसायची. आता वेळ मोबाइलमध्ये फुकट मिळते, तिला कोण पास करून घेतो? एबनेझर मात्र दर नाताळाआधी घड्याळ टाकायला यायचा आणि न्यायला पुन्हा यायचा. खरं तर दरवर्षी तपासायची काही गरज नव्हती. त्या निमित्ताने भेट व्हायची, चहा व्हायचा आणि पाद्रीसाहेबांच्या लांबलेल्या उपदेशाची यथेच्छ टिंगल व्हायची. तसं हसणं गिदोनला पुन्हा कुणाबरोबर जमलं नाही.

शेवटी वहिनीच सकाळच्या एसटीने दुकानात येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, खरं सांगा. मेलंय का घड्याळ?"

"न्हाई वहिनी. ठणठणीत हाय."

"मग अडलंय कुठं?"

आता पळवाट नव्हती. गिदोनने घड्याळ कडेवर उभं धरलं. "ही चावी वर असली की येळ बरोबर. खाली केली की मागं पडतंय. एबन्याचा डावा हात मोडून वाकडा बसलेला, पट्टा रुतायचा, म्हणून तो उजव्यात घालायचा. उजव्यात घातलं की चावी कोपराकडं येती. हात सोडून हुबं ऱ्हायलं की वर. नोएल घालतो डाव्यात, तिथं ती खाली जाती."

"असं व्हय!"

"सुरवातीला लई भांडला माझ्याशी. म्हणायचा, माझ्या हातात आलं की घड्याळाला ताप येतो, पळत सुटतं. मग मी नियम बाजूला ठिवून ते त्याच्या हातापरमाणं लावून दिलं."

"मग आता नोएलच्या हातापरमाणं लावा की."

"चाल कमीजास्त करणारा आतला काटा केसभर सरकवला की झालं. पन मग एबन्याचं मोडलं. दोन्ही साधायचं तर आतलं डोलतं चाक नवं पायजे, ते आता मिळत न्हाई." गिदोनने घड्याळ खाली ठेवलं. "माझ्या हातनं व्हईना, वहिनी. घंटेपाशी हात सोडून हुबा असायचा ना, तसाच ह्याच्यात हाय तो."

 वहिनींनी घड्याळ उचललं आणि आपल्या उजव्या मनगटावर बांधलं. शेवटच्या भोकात अडकवूनही ते सैलच होतं.

"मला संध्याकाळची एसटी हाय. तवर घालते."

त्या बाजारात गेल्या. पिशवी डाव्या खांद्याला आणि उजवा हात खाली सोडलेला. एरवी त्या भराभर चालणाऱ्या, पण आज दुकानादुकानापाशी थांबत, सावकाश चालल्या होत्या. गिदोनला त्यांचं चालणं बघवेना, आणि नजरही काढवेना.

उन्हं उतरल्यावर त्या परत आल्या. भिंतीवरच्या घड्याळाशी त्यांनी ताडून पाहिलं.

"दिवसभर हिंडले, जरासुदिक इकडचं तिकडं झालं न्हाई."

"व्हायचंच न्हाई. वहिनी, ऐका माझं. तुम्हीच घालत जावा हे. नोएलला मी दुसरं देतो."

वहिनींनी पट्टा सोडला आणि घड्याळ त्याच्यापुढे ठेवलं.

"भाऊजी, त्यांना आता कुठं येळेवर जायचंय? पोराला जायचंय."

गिदोनने डोळ्याला भिंग लावलं आणि लगेच काढलं. दोस्त गेला त्या दिवशी आलं नव्हतं ते रडू आता आलं. वहिनींनी त्याच्या हातातून भिंग घेतलं, पदराने पुसलं आणि परत दिलं. मग त्याने आतला काटा सरकवला, झाकण लावलं आणि चावी खाली करून घड्याळ नोएलच्या परीक्षेला ठेवलं.